एका आवाजाचं पुनरागमन
(मंडळाच्या श्रवण-सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रवण-सभेत यंदा आमची पाळी आली तेव्हा आम्ही नाट्यसंगीत किंवा फार तर मदनमोहनची गाणी ऐकवू, अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. आम्ही म्हणजे रविवारी संध्याकाळी एकत्र बसून गाणी ऐकणारे चौघे. चौघेही राज्य सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांत नोकरीला. आम्ही फोनवर विषय सांगितला, "अमेरिकेतल्या एका सोल गायिकेचा पुनरागमनाचा अल्बम". पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारणा झाली, "आपल्या लोकांना कळण्यासारखं आहे ना काही त्यात?"

आहे. ज्या इंदुरात उस्ताद अमीर खाँसाहेब वाढले, जिथून पाऊण तासावर देवास आहे, त्या गावच्या कानांना हे कळणार नाही असं मानणं हाच आपल्या कानांचा अपमान आहे.

गायिकेचं नाव बेट्टी लाव्हेट. वयाने आणि मानाने मोठ्या आहेत, तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना बेट्टीबाई म्हणू.

आधी 'सोल' म्हणजे काय ते दोन वाक्यांत. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी चर्चमधली गाण्याची रीत उचलली, म्हणजे एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, टिपेला जाऊन आळवायचं, टाळ्यांनी ठेका धरायचा. आणि त्या रीतीत प्रपंचातले, प्रेमातले, फसवणुकीतले शब्द घातले. रे चार्ल्स आणि सॅम कुक ही त्यातली आरंभीची मोठी नावं. भजनाच्या चालीत कुणी लावणीचे शब्द बसवले तर आपल्याकडे जे वादळ उठेल, तसंच तिथेही उठलं होतं.

बेट्टीबाईंची गंमत अशी की त्या या चर्चच्या वाटेने आल्याच नाहीत. जन्म २९ जानेवारी १९४६चा, मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी. पाळण्यातलं नाव बेट्टी जो हॅस्किन्स. त्या लहान असतानाच कुटुंब डेट्रॉइटला गेलं. मस्कीगनच्या घरी बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता, नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं ते मोठं यंत्र. आईवडील घरच्या घरी दारू विकत. गावात कार्यक्रमाला आलेल्या भजनी गायकांच्या जोड्या आणि चौकड्याही रात्री तिथे टेकत. म्हणजे देवाची गाणी गाणारी माणसं या मुलीने पाहिली, पण ती मैफल संपल्यानंतरची, हातात पेला घेतलेली. आम्हाला वाटतं, पुढच्या गाण्यातला रोखठोकपणा तिथूनच आला असावा.

याचा गाण्यावर झालेला परिणाम आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अरेथा फ्रँकलिन चर्चमध्ये वाढल्या. एका अक्षरावर आठ-दहा स्वर फिरवत नेणं ही त्यांची खासियत, आपल्याला हरकती-मुरक्यांची आठवण करून देणारी. बेट्टीबाईंकडे हे अलंकार फार कमी. त्यांचा सगळा भर शब्दावर असतो. शब्द कधी म्हणायचा, किती उशिरा म्हणायचा, कुठे तोडायचा आणि कुठे म्हणायचाच नाही, यावर.

१९६२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली, 'माय मॅन, ही'ज अ लव्हिन' मॅन'. अटलांटिक या मोठ्या कंपनीने ती देशभर पोचवली आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ती पहिल्या दहांत गेली. सोळा वर्षांची पोर दौऱ्यावर निघाली. सोबत ओटिस रेडिंग नावाचा एक नवखा गायकही होता. पुढे तो केवढा मोठा झाला हे रसिकांना ठाऊक आहे. १९६५ साली 'लेट मी डाउन ईझी' हे गाणं आलं. आज साठ वर्षं झाली, तरी बाईंची मैफल या गाण्याशिवाय पुरी होत नाही.

इथवर सगळं सुरळीत. मग कंपन्या बदलत गेल्या, एकेक सुटी रेकॉर्ड निघत राहिली, पण गायिकेची ओळख ज्याने पक्की होते तो पूर्ण अल्बम काही निघेना. अखेर १९७२ साली अटलांटिकने त्यांना अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स इथे पाठवलं. हे गाव आपल्या एखाद्या तहसिलीएवढं, पण तिथल्या स्टुडिओंची कीर्ती जगभर. अरेथा फ्रँकलिनचं नशीब १९६७ साली ज्या गाण्याने उघडलं, ते याच गावात ध्वनिमुद्रित झालं होतं. तिथे बेट्टीबाईंनी पूर्ण अल्बम गायला. नावही ठरलं होतं, 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'.

तो निघाला नाही. कंपनीने कपाटात ठेवून दिला.

आम्ही चौघेही कचेरीत बसणारे, त्यामुळे हा प्रकार आम्हाला चांगला समजतो. फाईल नामंजूर झाली तर निदान शेरा मिळतो, त्यावर अपील करता येतं. पण 'दप्तरी दाखल' झालेल्या फाईलचं काय करायचं? कुणी नाही म्हटलेलं नसतं, कुणी हो म्हटलेलं नसतं. कागद सुस्थितीत असतात आणि माणूस म्हातारा होत जातो. बेट्टीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतरची अठ्ठावीस वर्षं आम्ही भराभर सांगतो. १९७८ला डिस्कोची लाट होती, तेव्हा एक डिस्को गाणं केलं. 'बब्लिंग ब्राउन शुगर' नावाच्या संगीतनाटकाबरोबर गावोगाव फिरल्या. त्यात कॅब कॅलोवेसारख्या जुन्या जाणत्या कलावंतांबरोबर रंगमंचावर उभं राहायला मिळालं. १९८२ साली, पहिल्या रेकॉर्डनंतर वीस वर्षांनी, त्यांचा पहिला अल्बम बाजारात आला. तो काढला मोटाउनने, म्हणजे त्यांच्याच डेट्रॉइट शहरात मोठ्या झालेल्या कंपनीने. तो अल्बमही आला आणि विरून गेला. बाकी काळ डेट्रॉइटमधल्या लहान लहान क्लबांत गाणं. कधी पन्नास माणसं, कधी वीस.

इथे एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे, जिम लुईस. हे गृहस्थ पूर्वी वादक होते, पुढे डेट्रॉइटच्या वादकांच्या संघटनेत काम करत. त्यांनी या पोरीला बसवून जुनी गाणी शिकायला लावली, नाटकांतली, जॅझवाल्यांची, तिच्या पिढीला जुनाट वाटणारी. आपल्याकडचे गुरुजी अडीच वर्षं एकच राग घोटून घेत, साधारण त्याच जातीचा हा माणूस. रेकॉर्ड निघो न निघो, गाणं येत असलं तर पोटाला मिळेल, हा त्यामागचा व्यवहारी विचार. पुढच्या पुनरागमनाचं भांडवल तिथे जमत होतं, हे तेव्हा कुणाला दिसलं नसेल.

मग १९९९-२०००च्या सुमारास फ्रान्समधल्या जिल पेतार नावाच्या रेकॉर्ड-संग्राहकाने अटलांटिकच्या साठ्यातून ती १९७२ची ध्वनिफीत शोधून काढली, रीतसर हक्क घेतले आणि २००० साली 'सुव्हनीर्स' या नावाने ती प्रसिद्ध केली. आपण ज्या स्मरणिकेसाठी लेख मागतो तिलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, हा योगायोग आमच्या मित्राने लक्षात आणून दिला. सव्वीस वर्षांच्या मुलीचा आवाज लोकांनी ऐकला आणि विचारलं, ही कोण होती? उत्तर असं होतं की ती आहे, चोपन्न वर्षांची आहे आणि या आठवड्यातही कुठेतरी गाते आहे. २००३ साली नवा अल्बम निघाला, 'अ वुमन लाइक मी', आणि त्याला पुढच्या वर्षी ब्लूज संगीतातला 'पुनरागमनाचा सर्वोत्तम अल्बम' म्हणून पुरस्कार मिळाला.

हा 'पुनरागमन' शब्द आम्हाला जरा खटकतो, आणि तरीही आम्ही तो शीर्षकात घातला आहे, कारण दुसरा सुचला नाही. पुनरागमन म्हणजे मधे कुणीतरी गेलं होतं. बाई कुठेच गेल्या नव्हत्या. रेकॉर्डवाले निघून गेले होते, त्यांचं पुनरागमन झालं.

आता ज्या अल्बमसाठी ही सभा बोलावली त्याकडे येतो. २००५ सालचा 'आय'व्ह गॉट माय ओन हेल टु रेझ'. नावाचा भाव मराठीत सांगायचा तर 'गोंधळ घालायचा तर तो माझा मी घालीन'. अँटाय या कंपनीने तो काढला, निर्माता जो हेन्री. दहा गाणी, दहाही स्त्रियांनी लिहिलेली. एकही गाणं बाईंचं स्वतःचं नाही, आणि ती लिहिणाऱ्या बहुतेकजणी सोल संगीताच्या जगातल्याही नाहीत. डॉली पार्टन ही कंट्री संगीतातली, शिनेड ओ'कॉनर आयर्लंडची, जोन आर्माट्रेडिंग इंग्लंडची, फिओना ॲपल त्या वेळच्या तरुण पिढीची. एकोणसाठ वर्षांच्या गायिकेने कमबॅकसाठी जुनी लोकप्रिय गाणी पुन्हा म्हणणं हा सोपा धंदा असतो. तो इथे केलेला नाही.

पहिलं गाणं शिनेड ओ'कॉनरचं, तिच्या १९९०च्या अल्बमचं शेवटचं आणि शीर्षकगीत, 'आय डू नॉट वॉन्ट व्हॉट आय हॅवन्ट गॉट'. आता आम्ही ते लावतो. वाद्यांची वाट पाहू नका, कारण एकही वाद्य नाही.

(येथे गाणे ऐकवण्यात आले.)

तंबोरासुद्धा नाही. मूळ गायिकेनेही ते वाद्यांशिवायच गायलं होतं. तिथे ते एखाद्या प्रार्थनेसारखं, डोळे मिटून म्हटलेलं आहे. बेट्टीबाईंकडे तेच शब्द हिशेब मांडून बसलेल्या बाईच्या तोंडचे होतात. जे मिळालं नाही ते मला नको, हे तेवीस वर्षांच्या मुलीने म्हटलं तर तो वैराग्याचा संकल्प असतो. त्रेचाळीस वर्षं जिला मिळालं नाही तिने म्हटलं की आपण जरा सावरून बसतो. खरं म्हणते आहे का? की स्वतःला समजावते आहे? श्वास घेतलेला ऐकू येतो, ओळीच्या शेवटी आवाज किंचित चिरतो, आणि दोन ओळींमध्ये त्या जेवढं थांबतात तेवढं थांबायला धीर लागतो. साथीला कुणी नसताना गवई सहसा थांबत नाही, कारण मधली जागा त्याला भरायची असते. बाई ती रिकामी ठेवतात.

दुसरं उदाहरण 'जॉय'. हे ल्युसिंडा विल्यम्सचं गाणं. कुणीतरी माझा आनंद हिरावून नेला, तो शोधायला मी अमुक गावी जाते, तमुक गावी जाते, असा त्याचा साधा घाट. मूळ गाण्यातली गावं ल्युसिंडाच्या दक्षिणेकडची. बेट्टीबाईंनी ती काढून आपली घातली. डेट्रॉइट आलं, मसल शोल्स आलं. नुसतं गावाचं नाव बदललं आणि दुसऱ्या बाईच्या संसाराचं गाणं या बाईच्या अडलेल्या कारकिर्दीचं झालं. ज्याला १९७२ची हकिगत ठाऊक आहे त्याच्या अंगावर 'मसल शोल्स' हा शब्द ऐकताच काटा येतो, आणि ज्याला ठाऊक नाही त्यालाही एवढं कळतं की या गावात हिचं काहीतरी राहून गेलं आहे.

आमच्यापैकी एकाच्या घरी ठुमरीचं वेड आहे. तो म्हणाला, अरे, हा तर बोलबनाव आहे! तेच चार शब्द, पण दर वेळी वेगळ्या अर्थाने म्हणायचे. एकदा रुसून, एकदा टोमण्याने, एकदा हरून. नेमकं तेच. फरक इतकाच की ठुमरीत स्वरांची वळणं बदलून अर्थ बदलतात, आणि बेट्टीबाई प्रामुख्याने वेळ आणि आवाजाचा पोत बदलून ते साधतात. ढोलवाला ठेका देऊन पुढे जातो, बाई मागे राहतात. आता चुकली, आता सम गेली, असं वाटेपर्यंत मागे राहतात, मग दोन-तीन शब्द एकदम बोलल्यासारखे टाकतात आणि ठेक्याला गाठतात. इतका उशीर करूनही ताल सुटत नाही. हे क्लबांत वीस माणसांसमोर हजारदा गायल्याशिवाय येत नाही. स्टुडिओत बसून तर नाहीच येत.

आणि पोत. बाईंच्या आवाजाला खर आहे, जाड वस्त्रकागद लाकडावर फिरवावा तशी. तरुणपणीच्या रेकॉर्डींतही ती थोडी होती, वयाने वाढली. वरच्या पट्टीत आता सूर सरळ लागत नाही, तो फुटतो. दुसऱ्या एखाद्या गायिकेने पट्टी उतरवून किंवा त्या जागा टाळून ही गोष्ट झाकली असती. या मुद्दाम तिथे जातात. पण कुठल्या शब्दावर जातात ते पाहा. प्रत्येक ओळीत नाही, गाण्यात एक-दोनदाच. डॉली पार्टनचं 'लिटल स्पॅरो' ऐकताना हे विशेष जाणवतं. मूळ गाणं डोंगराळ मुलखातल्या लोकगीतासारखं, उंच, नाजूक, चिमणीच्या चोचीएवढं. बेट्टीबाई ते खर्जाच्या बाजूने सुरू करतात. पुरुषांवर विश्वास ठेवू नका, हा पोरींना केलेला उपदेश. डॉलीकडे तो मैत्रिणीने केलेला वाटतो, इथे मावशीने केलेला, जिने दोन लग्नं बघितली आहेत आणि आता घरात कुणाला आवडो न आवडो बोलणार आहे.

फिओना ॲपलचं 'स्लीप टु ड्रीम' तर १९९६चं, आणि तेव्हा ती कोवळी पोर होती. अल्बमचं नाव याच गाण्यातून घेतलेलं. विशीच्या आतल्या मुलीचा संताप एकोणसाठाव्या वर्षी तोंडात शोभेल का, अशी शंका आम्हाला ऐकण्यापूर्वी होती. शोभतो. संताप तोच राहतो, घाई निघून जाते. आमच्या मते अल्बममधली सगळी गाणी सारख्या ताकदीची नाहीत, मधली एक-दोन नुसती चांगली आहेत. पण ही चार कुठल्याही काळात टिकावीत.

आमच्या बोलण्यात देवासचा उल्लेख आला तेव्हाच काहींच्या मनात कुमारांचं नाव आलं असेल. कुमार गंधर्वांना ऐन पंचविशीत क्षयाने गाठलं, गाणं बंद झालं, काही वर्षं अंथरुणात गेली. उठले तेव्हा पूर्वीचा दमसास राहिला नव्हता. लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोटे, अणकुचीदार तुकडे आले, मधे शांतता आली, आणि पडल्या पडल्या कानांवर पडलेली माळव्याची लोकगीतं गाण्यात उतरली. इथल्या जुन्या मंडळींनी ते गाणं समोर बसून ऐकलं आहे, त्यांना आम्ही काय सांगावं. तुलना फार ताणणार नाही, कारण कुमारांना शरीराने अडवलं होतं आणि बेट्टीबाईंना एका कंपनीच्या कपाटाने. पण कमी पडलेल्या श्वासातून नवी गायकी काढता येते, हे माळव्यातल्या माणसाला अमेरिकेहून शिकून यायची गरज नाही, एवढंच म्हणायचं होतं.

२००५नंतर दारं उघडत गेली. २००७ साली बाई पुन्हा मसल शोल्सला गेल्या आणि ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या रॉक वाद्यवृंदाबरोबर अल्बम केला. त्याचं नाव 'द सीन ऑफ द क्राइम', गुन्ह्याची जागा! पंचनाम्यात लिहितात तसं. त्या वाद्यवृंदाचा पॅटरसन हूड हा मसल शोल्सच्या नामांकित बास-वादक डेव्हिड हूड यांचा मुलगा. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्यात जॉर्ज जोन्स या कंट्री गायकाचं 'चॉइसेस' हे गाणंही होतं.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये सन्मान-सोहळा होता. सन्मान घेणाऱ्यांत हेच जॉर्ज जोन्स होते, आणि 'द हू' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड आणि रॉजर डाल्ट्रीही. त्या दोघांसाठी बेट्टीबाईंना गायला बोलावलं. गाणं टाउनशेंडचं, १९७३चं, 'लव्ह, रेन ओ'र मी'. मूळ रेकॉर्डवर डाल्ट्री ते गगनभेदी ओरडून गातो, समुद्र, पाऊस, गडगडाट, सगळा सरंजाम. बेट्टीबाईंनी ते हळू, जवळजवळ बोलत सुरू केलं आणि आवाज राखत राखत वर नेलं. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. सज्जात बसलेल्या टाउनशेंडचा चेहरा बघा. आपणच लिहिलेलं गाणं आपल्याला आत्ता कळतंय, असा चेहरा आहे. संगीतकाराला गायकाकडून यापेक्षा जास्त काय मिळू शकतं, आम्हाला माहीत नाही. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, १८ जानेवारी २००९ला, ओबामांच्या शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकापुढे झालेल्या जाहीर कार्यक्रमात त्या जॉन बॉन जोव्हीबरोबर सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' गायल्या. ज्यांना काल वीस माणसं ऐकत होती त्यांच्यापुढे लाखोंचा समुदाय होता.

आणि त्या थांबल्या नाहीत. २०१८ला नुसत्या बॉब डिलनच्या गाण्यांचा अल्बम, २०२०ला आपल्या आधीच्या कृष्णवर्णीय गायिकांच्या गाण्यांचा, २०२३ला, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणखी एक.

आता एक गोष्ट घरची. आपल्या गणेशोत्सवातल्या गायनस्पर्धेला आम्ही कित्येक वर्षं श्रोते म्हणून बसतो, आमच्यातला एक जण दोनदा परीक्षकही होता. गुणपत्रिकेवर सूर, ताल, शब्दोच्चार हे रकाने असतात, आणि बोलताना मात्र सगळ्यात मोठी शाबासकी असते ती 'हुबेहूब!' मुलगी हुबेहूब आशाबाईंसारखी म्हणाली, मुलगा हुबेहूब बाबूजींसारखा म्हणाला. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण आम्हाला असं सुचवायचं आहे की सोळा वर्षांवरील गटात तरी 'स्वतःचं म्हणणं' असा एक रकाना घालावा. दहा गुणांचा घाला. भावगीताची चाल बांधलेली असते, ती बिघडवायची का, असा आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. चाल बिघडवू नये. तरीही 'गीतरामायण' आठवा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ती छप्पन्न गाणी प्रसारित झाली तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे तीच गाणी सुधीर फडक्यांनी एकट्याने, आपल्या गळ्याने, शेकडो मैफलींत म्हटली. चाल त्यांचीच, शब्द माडगूळकरांचे तेच, आणि तरी ऐकणाऱ्याला काही वेगळं मिळत होतंच ना?

दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. या सभागृहात अशा कितीतरी काकू आणि मावश्या बसल्या आहेत ज्या लग्नाआधी गात होत्या. कुणी संगीत विशारद आहे, कुणी आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर गायलेली आहे. गा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आता आवाज राहिला नाही." आमच्या आयांनीही हेच म्हटलं, आणि आम्ही मुलांनी ते खरं मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं. स्पर्धेत वयाची वरची मर्यादा चाळीस आहे. ती का आहे, हे आम्ही चौकशी करूनही कुणाला सांगता आलं नाही. कधीतरी कुणीतरी लिहिली, पुढच्या प्रत्येक वर्षी पत्रक छापताना ती तशीच उतरली. सरकारी परिपत्रकाचंही असंच होतं. पुढच्या वर्षी ती ओळ पत्रकातून गाळावी असा लेखी अर्ज आम्ही चौघांनी सह्या करून कार्यकारिणीला दिला आहे. तो दप्तरी दाखल होऊ नये अशी नम्र विनंती.

वेळ संपत आली आहे. शेवटी एक गाणं ऐकवून थांबतो. 'लेट मी डाउन ईझी'. आधी १९६५चं लावू, त्यात त्या एकोणीस वर्षांच्या आहेत. तारवाद्यांचा मोठा ताफा आहे आणि आवाज त्या ताफ्यावर स्वार होतो. लगेच पाठोपाठ अलीकडच्या मैफलीतलं तेच गाणं. लय बरीच उतरलेली असेल, आणि पहिला शब्द यायला एवढा वेळ लागेल की आपल्यापैकी कुणीतरी यंत्राकडे बघेल. यंत्र ठीक आहे. मागच्या रांगेतल्या मंडळींनी पंखे बंद केले तर बरं होईल.